नेरळच्या शिवारात : नांगराविना भात

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने बदलापूर सोडले की इमारतींची गर्दी विरळ होऊ लागते. वांगणी, शेलू मागे पडतात, उजव्या हाताला माथेरानचा डोंगर उभा राहतो आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरे दिसू लागतात. पण आता खाचरांइतकेच फलकही दिसतात. ‘फार्महाऊससाठी प्लॉट’, ‘डोंगराच्या कुशीत स्वतःचे घर’, ‘आजच बुकिंग करा’. हे फलक ज्या जमिनीत रोवलेले असतात तेथे बांध फुटलेले असतात आणि खाचरात रानमोडी माजलेली असते. जमीन आधी पडीक पडते आणि मग विकली जाते. हा क्रम कोकणात आता बहुतेक ठिकाणी सारखाच आहे.

आम्ही नेरळला गेलो ते याच चिंतेपायी. आमच्या वस्तीतील बहुतेकांची मुळे रायगड-रत्नागिरीत आहेत. कोणाचे वडील गोदीत होते, कोणाचे गिरणीत, कोणाचे महापालिकेत. गावी दहा गुंठे, वीस गुंठे, फार तर एखादा एकर भातजमीन. आईवडील होते तोवर ती पिकली. आता जूनमध्ये रजा मिळत नाही, बैल राहिले नाहीत, लावणीला माणूस मिळत नाही. सगळा खर्च मांडला तर दुकानातला तांदूळ स्वस्त पडतो. म्हणून जमीन तशीच पडून आहे आणि दर दिवाळीला कोणीतरी दलाल ‘विकायची आहे का?’ म्हणून विचारून जातो.

अशा वेळी आमच्यापैकी एकाच्या मावशीचा निरोप आला : “आम्ही नांगर सोडलाय, तरी भात येतोय. एकदा बघून जा.” नेरळ आणि कर्जत यांच्या मधल्या एका वाडीत मावशी राहते. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही सहा जण आणि बरोबर तीन मुले तिच्याकडे निघालो.

जयभीम झाला, पाणी झाले, चहा झाला. मावशी साठीच्या पुढची. तिचा मुलगा एका कारखान्यात कामाला आहे आणि सुट्टीच्या दिवशी शेती पाहतो. त्यानेच आम्हाला खाचरांकडे नेले. भात कापून झाले होते.

चिखलणी कशासाठी?

नवी पद्धत समजायची तर आधी जुनी आठवली पाहिजे. शहरात वाढलेल्या मुलांना ती माहीत नसते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या फांद्या वाफ्यावर पसरून राब भाजायचा. मृगाच्या पावसावर त्या जागी बी टाकायचे. तीनेक आठवड्यांत रोपे वीतभर होतात. तोवर खाचरात पाणी धरायचे आणि नांगर फिरवून मातीचा पार लगदा करायचा. हीच चिखलणी. मग रोपे उपटायची, त्यांच्या मुठी बांधायच्या आणि ओळीने लावणी करायची.

वाडवडिलांनी ही रीत उगाच पाडली नव्हती. माती पाण्यात कालवली की तिचे बारीक कण तळाशी जाऊन बसतात. तेथे एक घट्ट थर तयार होतो आणि पाणी खाली मुरत नाही. पाणी साचून राहिले की तण दबते. मऊ चिखलात रोप बोटाने सहज रुतते. तणनाशक नव्हते त्या काळात तण आवरण्याचा याहून चांगला उपाय नव्हता.

पण याची किंमत कोणी मोजली? मावशी म्हणाली, “चाळीस पावसाळे मी वाकून काढले. लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होऊन कातडी सोलायची. रात्री पाय रॉकेलात बुडवायचे नि सकाळी परत चिखलात उभं राहायचं. कंबर सरळ व्हायलाच दसरा उजाडायचा.” आपल्या घरोघरच्या आया-आज्यांनी हेच भोगले आहे. त्यात साप-विंचवाची भीती, आणि अलीकडे लेप्टोची. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यात उघड्या जखमेने उभे राहिले की हा रोग जडतो. भातखाचर ही त्याची ठरलेली जागा आहे. चिखलणी नांगरधारी पुरुष करतो, पण लावणीचे कष्ट बहुतांशी बाईच्या कमरेवर येतात. ही गोष्ट शेतीच्या हिशोबाच्या वहीत कधी लिहिली जात नाही.

गादीवाफे आणि लोखंडी साचा

मावशीच्या खाचरात चिखल नव्हता. त्याऐवजी एका ओळीत लांबच लांब गादीवाफे होते आणि दोन वाफ्यांमध्ये सरी. ही पद्धत नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केली. तिला ‘सगुणा राईस टेक्निक’ म्हणजे ‘एसआरटी’ असे नाव आहे. गेल्या दशकभरात ती रायगडबाहेरही बऱ्याच शेतकऱ्यांनी स्वीकारली आहे.

काम असे चालते. पहिल्या वर्षी एकदाच जमीन नांगरून गादीवाफे तयार करायचे. एका सरीपासून दुसऱ्या सरीपर्यंतचे अंतर सुमारे साडेचार फूट. त्यानंतर या वाफ्यांना नांगर लावायचा नाही. लोखंडी साचा वाफ्यावर ठेवून पायाने दाबला की २५ सेंटीमीटर अंतरावर सारखी भोके पडतात. प्रत्येक भोकात मोजकेच दाणे आणि चिमूटभर खत टाकून ते मातीने बुजवायचे. राब नाही, रोपे उपटणे नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणी झाली की धसकटे उपटायची नाहीत. मुळे जमिनीतच राहू द्यायची. पुढचे पीक त्याच वाफ्यावर, त्याच मातीत.

आमच्यातील एका मुलीने विचारले, “मग नांगरल्याशिवाय माती मोकळी कशी होते?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर दादाने जमिनीवरच दाखवले.

दोन पेले, दोन ढेकळे

शेजारचे खाचर दुसऱ्या भाऊबंदांचे. तेथे नेहमीप्रमाणे चिखलणी झालेली होती. पाणी ओसरल्यावर ती माती विटेसारखी कडक झाली होती आणि तिला हातभर लांब भेगा पडल्या होत्या. दादाने तेथे पहार मारली, ती दोन-तीन बोटे आत गेली आणि अडली. मग त्याने आपल्या वाफ्यात पहार टेकवली. थोडा जोर दिल्यावर ती वीतभर आत उतरली. वाफ्याची माती त्याने खुरप्याने उचलली. भाताची जुनी मुळे तिच्यात दोऱ्यासारखी पसरलेली होती. जी कुजून गेली होती त्यांच्या जागी बारीक पोकळ्या उरल्या होत्या. एका ढेकळात मुलांना दोन गांडुळे सापडली आणि मग ती तिघे तेथून हलेनात.

परत आल्यावर मावशीने काचेचे दोन पेले पाण्याने भरून दिले. दादाने दोन्ही खाचरांतून आणून उन्हात वाळवलेली ढेकळे घरात ठेवलीच होती. सुपारीएवढे एकेक ढेकूळ दोन्ही पेल्यांत हलकेच सोडले. चिखलणीच्या मातीचे ढेकूळ पाहता पाहता विरघळले आणि पाणी गढूळ झाले. वाफ्यावरचे ढेकूळ तळाशी जाऊन बसले, त्यातून हवेचे बुडबुडे निघाले, पण ते बराच वेळ शाबूत राहिले. हा प्रयोग कोणीही घरी करू शकतो.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. माती म्हणजे नुसता भुगा नसतो. मातीचे कण बुरशीच्या तंतूंनी, मुळांच्या आणि जिवाणूंच्या चिकट स्रावाने आणि कुजलेल्या पदार्थांनी एकमेकांना धरून असतात. त्यांचे बारीक रवे बनतात. दोन रव्यांमधल्या जागेत हवा राहते, पाणी राहते. नांगर फिरला की ही बांधणी मोडते. आतल्या कुजक्या पदार्थांना एकदम हवा मिळते, जिवाणू ते भराभर खाऊन टाकतात आणि त्यातला कर्ब हवेत निघून जातो. म्हणूनच नांगरल्यानंतर पहिले पीक जोमदार येते, कारण साठवलेले अन्न एकदम मोकळे होते. आपल्याला वाटते नांगराने जमीन सुधारली. प्रत्यक्षात आपण ठेव मोडून खर्च करीत असतो.

या ठेवीलाच सेंद्रिय कर्ब म्हणतात. २०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेत शेतकऱ्याला जो कागद मिळतो, त्यावर हा आकडा असतो. तो अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर कमी, पाऊण टक्क्याच्या वर असेल तर चांगला समजतात. ज्यांच्या घरी अशी पत्रिका आली असेल त्यांनी ती पेटीत न ठेवता एकदा हा आकडा जरूर पाहावा.

कोकणात आणखी एक गोष्ट घडते. येथे चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. चिखलणी केलेल्या खाचरातून पाणी बांधावरून वाहू लागले की त्याबरोबर मातीचा सर्वांत बारीक आणि कसदार भाग ओढ्याला जातो. जुलैत उल्हास नदीचे पाणी गढूळ दिसते, त्यात आपल्याच खाचरांची साय असते.

मावशीचे दुसरे पीकही आम्ही पाहिले. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल घेण्याची रायगडात जुनी चाल आहे. थंडीत शेंगांची पोपटी लागते ती याच वालाची. कडक झालेल्या खाचरात वाल रुजवायला पुन्हा मेहनत करावी लागते. मावशीच्या वाफ्यांवर मात्र भाताच्या धसकटांमधून टोकलेला वाल दोन पानांवर आला होता. वालासारखे द्विदल पीक हवेतला नत्र मुळांच्या गाठींत साठवते. तो पुढच्या भाताला मिळतो.

जगातील अनुभव

नांगराविषयीची ही शंका फक्त नेरळच्या शिवारातली नाही. अमेरिकेच्या मधल्या सपाट प्रदेशात गवताळ जमिनी नांगरून गहू पेरला गेला आणि १९३० नंतर सलग दुष्काळ पडले तेव्हा ती मोकळी माती वाऱ्याने उडाली. १९३४ च्या मे महिन्यात तिची धूळ थेट न्यूयॉर्कपर्यंत पोहोचली. लाखो माणसे घरदार सोडून परागंदा झाली. त्यानंतर १९४३ मध्ये एडवर्ड फॉकनर यांनी नांगरावरच बोट ठेवणारे पुस्तक लिहिले. जपानमध्ये मासानोबु फुकुओका यांनी न नांगरता, चिखलणी न करता भात पिकवून दाखवला. त्यांचे पुस्तक १९७५ साली आले. ब्राझीलच्या पाराना राज्यात कोकणासारखाच धो धो पाऊस लाल माती वाहून नेत असे. तेथे हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्याने १९७२ साली नांगर थांबवला आणि पुढे लाखो एकरांवर ती रीत पसरली.

पण वाचकांनी एकच बाजू ऐकू नये. जगभरातील ६१० अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष २०१५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापला गेला. नांगरणी थांबवलेल्या शेतीत एकंदरीत उत्पन्न सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास घटते, असे त्यात दिसले. मात्र नांगरणी थांबवण्याबरोबर पिकाचे अवशेष जमिनीवर ठेवले आणि पिकाची फेरपालट केली, तर ही घट बरीच कमी होते. कोरड्या हवामानातील पावसाच्या शेतीत तर उत्पन्न वाढलेलेही दिसले. म्हणजे नांगर सोडणे हा एक पाय झाला. उरलेले दोन पाय नसतील तर तिवई उभी राहत नाही.

मावशीचा अनुभवही तसाच. “पहिल्या साली भात कमी आला. शेजारचे हसले. दुसऱ्या साली बरोबरीला आला. आता उतारा फार वाढलाय असं नाही, पण खर्च नि हाल निम्म्यावर आले ना!” गरिबाच्या शेतीत उत्पन्नाइतकाच खर्चाचा आकडा महत्त्वाचा असतो. पोती तेवढीच आली आणि पॉवर टिलरचे भाडे, लावणीची मजुरी, राबाचे भारे वाचले, तर ती वाढच म्हणायची.

तणाचा प्रश्न

या पद्धतीची अवघड बाजू तण ही आहे. पाणी साचवून तण दाबायचे नाही म्हटल्यावर ते दुसऱ्या उपायाने आवरावे लागते. बहुतेक शेतकरी पेरणीनंतर लगेच तणनाशक मारतात, आणि कापणीनंतर भाताचे फुटवे मारण्यासाठी ग्लायफोसेट वापरतात. येथे सावध राहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले. इतर काही देशांच्या नियामक संस्थांचे मत वेगळे आहे. भारत सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अधिसूचना काढून त्याची फवारणी केवळ परवानाधारक कीडनियंत्रण चालकांमार्फत व्हावी असे ठरवले.

आपल्या माणसांना विषारी फवारणीचा धोका कोणी वेगळा सांगायला नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पंप पाठीवर असतो तो मजुराच्या, मालकाच्या नव्हे. म्हणून चिखलातून सुटका करून घेताना दुसऱ्या विषात पाय पडू नये.

मावशीने आपला मार्ग काढला आहे. जमीन थोडी असल्याने पहिला महिनाभर ती आणि सून खुरप्याने तण काढतात, तेही वाफ्यावर बसून, सरीत पाय सोडून. वाफ्यांवर पेंढा पसरतात, त्यामुळे उजेड न मिळून तण कमी उगवते. कापणी होताच वाल टोकतात आणि भाताचे फुटवे विळ्याने कापून तेथेच टाकतात. दोन एकरांवर हे झेपणार नाही, पण वीस गुंठ्यांवर झेपते. ज्याला तणनाशक वापरायचेच असेल त्याने कृषी सहायकाला विचारून, हातमोजे आणि मास्क घालून, ठरलेल्या मात्रेतच वापरावे. पंप ओढ्यात किंवा विहिरीवर धुऊ नये. गरोदर बाईला आणि मुलांना त्या दिवशी शेतात नेऊ नये.

कोठे जमेल, कोठे नाही

प्रत्येक जमिनीला एकच उपाय लागू पडत नाही. जेथे पावसाळाभर गुडघाभर पाणी तुंबते अशा खोल खाचरात गादीवाफे बुडतात आणि उगवण सडते. खाडीकाठच्या खारजमिनीत गोडे पाणी साचवून मीठ खाली ढकलावे लागते. तेथे मोड आलेले बी फोकण्याची ‘रहू’ची चाल आहे आणि ती त्या जमिनीला शोभते. घाटावरच्या काळ्या जमिनीत हरळी-कुंदा माजला असेल तर एकदा खोल नांगरट टाळता येत नाही. निचरा होणारी मध्यम खाचरे मात्र या पद्धतीला योग्य.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी मावशीने आणि दादाने सांगितलेल्या चार गोष्टी :

सगळी जमीन एकदम यात घालू नये. पहिल्या वर्षी पाच गुंठे करावे, उरलेल्यात नेहमीची रीत ठेवावी.

गादीवाफे मे महिन्यातच तयार हवेत. पावसाने जोर धरल्यावर ते नीट होत नाहीत.

बी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ घालून बुडवावे. वर तरंगणारे पोकळ बी काढून टाकावे, खाली बसलेले स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे.

सुरुवातीचे पंधरा दिवस पाखरे, उंदीर आणि खेकडे यांच्यापासून राखण करावी. बी थोडेच असते, त्यामुळे जे जाईल त्याची जागा रिकामी राहते.

भाताच्या वाणाविषयी आणि अधिक माहितीसाठी कर्जतचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे. ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे आहे.

वाचकहो, १९४८ च्या कुळकायद्यापासून ‘कसेल त्याची जमीन’ हे शब्द आपल्या कानांवर आहेत. कसणे म्हणजे नांगरणे, एवढाच अर्थ आपण आजवर धरला. म्हणून बैल गेले तशी शेती संपली असे आपल्याला वाटले. मावशीकडे बैल नाही, नांगर नाही, तरी ती जमीन कसते आहे. लावणीची पंधरा दिवसांची रजा मिळत नाही म्हणून ज्यांनी गावची जमीन सोडली, त्यांना मे अखेरचे तीन-चार दिवस, पावसाळ्यातील दोन-तीन रविवार आणि कापणीचा आठवडा काढणे कदाचित जमेल. बाकीचे दिवस राखणीला गावी एखादे घरचे माणूस हवे, हेही खरे. भाऊ-भाऊ, चुलते-पुतणे मिळून वार वाटून घेतले तर ही अडचण सुटू शकते.

येत्या उन्हाळ्यात गावी जाल तेव्हा आपल्या खाचरातले एक वाळले ढेकूळ पाण्याच्या पेल्यात टाकून पाहा. ते विरघळते की टिकते, हे मुलांना दाखवा. आणि दलालाला उत्तर देण्याआधी पाच गुंठ्यांवर गादीवाफे घालून एक पावसाळा पाहा.